अर्धी ओळ

वहिनींनी खुंटीवरची माझी विणकामाची पिशवी काढली आणि मी घाबरले. घाबरायला अर्धं अंगही पुरतं, हे मला या दुखण्यात कळलं आहे. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ एवढी माझी राहिली नाहीत. बाकीची कोकिळा जशीच्या तशी आत बसलेली आहे. तिला सगळं दिसतं, सगळं कळतं, रागसुद्धा पूर्वीसारखाच येतो, फक्त तो बाहेर पडायची वाट बुजली आहे. त्यात आणखी एक विचित्र प्रकार झाला आहे. मी बोलायला म्हणून जोर केला की मला हसू येतं. म्हणजे मला येत नाही, तोंडाला येतं. डावा गाल वर ओढला जातो, घशातून खिक् खिक् आवाज निघतो, आणि आत जीव कितीही तळमळत असला तरी पाहणाऱ्याला वाटतं, बाई खुशीत आहे. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का बसला की असं कधी कधी होतं, मनावर घेऊ नका. हे ते माझ्या यजमानांना म्हणाले. मन माझं, हसू माझं, आणि मनावर घ्यायचं की नाही ते ठरवणार हे. यांना सगळं नागाव भाऊ म्हणतं. भाऊंनी मान डोलावली आणि घरी येऊन सगळ्यांना सांगून टाकलं, "हसली तर हसू द्या. चांगलंच आहे."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, दुर्गावहिनी. त्या पिशवी घेऊन माझ्या खाटेच्या पायाशी बसल्या, तोंडातली सुपारी त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाल्या, "मार्तंड उद्या येतोय गो. त्याचा स्वेटर असा अर्धवट लोंबत पडलेला त्याला दिसायला नको. पोराच्या काळजाला लागेल. बघते मी काय करता येतं ते." आणि पिशवीत हात घालून त्यांनी सुया बाहेर काढल्या. मी म्हटलं, वहिनी, नको. अर्थात मी म्हटलं ते माझं मला. बाहेर नुसतं खिक् झालं. पडवीत सुपारी सोलत बसलेल्या, कामाला येणाऱ्या राहीने मान वर केली आणि म्हणाली, "बगा वयनी, धाकल्या बाय हासल्या. त्यांना बरा वाटला."

मार्तंड माझा एकुलता एक. हवामानखात्यात लागला आणि सिमल्याला गेला. गेल्या वर्षी आला होता तेव्हा जेवता जेवता सहज बोलून गेला, "आई, तिकडे दोन स्वेटर घातले तरी हाडं वाजतात." तो ताक पिऊन उठला आणि विसरलासुद्धा. माझ्या मात्र डोक्यात ती हाडं वाजत राहिली. भाऊंच्या मागे लागून मुंबईहून जाड लोकर आणवली, करड्या रंगाची, मळ न दिसणारी. पाठ झाली, बाह्या झाल्या, पुढचा भाग छातीपर्यंत आला, आणि एका दुपारी झोपाळ्यावर विणता विणता ओळीच्या मधोमध माझा उजवा हात थांबला. दुखला नाही, काही नाही. नुसता थांबला. मला आठवतं, मी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि मनात म्हटलं, एवढी ओळ तरी संपव, मग काय तुझी थेरं ती कर. त्यानंतरचं आठवतं ते जमिनीवरचं सारवलेलं गार शेण गालाला लागलेलं आणि कुणीतरी भाऊ, भाऊ म्हणून ओरडत वाडीकडे धावतंय ते. माझं विणकाम वहिनींनीच उचलून पिशवीत ठेवलं. अर्धे टाके एका सुईवर, अर्धे दुसरीवर. पिशवी खुंटीवर गेली आणि मी समोरच्या खाटेवर आले. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींकडे बघत आहोत.

ते टाके सुईवर आहेत तोवर काही संपलेलं नाही, असं मी धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले होते, हात येईल, नाही असं नाही. डॉक्टरांचं हे नाही-असं-नाही मी औषधासारखं रोज घेत होते. सकाळी रहाट सुरू झाला, पाणी पाटातून सुपारीच्या झाडांकडे वाहायला लागलं, की मी डोळे मिटून मनातल्या मनात त्याच टाक्यापासून पुढे विणायला घेई. एक सुलट, एक उलट. मनात उजवा हात छान चाले. परवा अंगठा खरोखरच जरासा हलल्यासारखा वाटला. मी भाऊंना दाखवायला म्हणून डोळ्यांनी तिकडे खुणावलं, तर त्यांनी माझ्या हातावरची माशी उडवली. मला पाटीही दिली होती, डाव्या हाताने लिही म्हणून. लिहायला घेतलं तर अक्षरंच सापडेनात. बोट रेघोट्या ओढत बसलं. भाऊ कौतुकाने म्हणाले, "वा, चित्र काढलंन." या माणसाबरोबर मी सगळा जन्म संसार केला. वाईट नाहीत, पण त्यांना सांगितल्याशिवाय काही कळत नाही, आणि आता मला सांगता येत नाही.

वहिनी सुया उलटसुलट करून बघत होत्या. त्यांच्या अंबाड्यात त्यांचा क्रोशा खोचलेला होता. तो नेहमीच तिथे असतो. लग्न होऊन मी नागावात आले तेव्हा मला वाटलं होतं, ही इकडची आकडा घालायची पद्धत असेल. मी नाशिकची. आमच्याकडे थंडी पडते, पहाटे नदीवर धुकं असतं आणि घरोघर बायका सुयांवर विणतात. माझ्या ट्रंकेत शालूच्या खाली लोकरीचे गुंडे होते. वहिनींनी ते पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "काय गो ही थेरं? इथे अंगावर पोलकं सहन होत नाही, नि तू लोकर घेऊन बसणार? गोठ्यातल्या म्हशीला झूल करणार आहेस काय?" त्यांचं खोटं नव्हतं. नागावात लोकर हातात धरली की घामाने तळहात चिकट होतो. पावसाळ्यात तिला बुरशीचा वास येतो. सुयांना खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो, त्यांना खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवावं लागतं. वहिनींचं सगळं सुताचं, पांढरंशुभ्र, धुऊन वाळत घातलं की झालं. दारांना तोरणं, पाण्याच्या घागरीवर मणी लावलेली जाळी, रेडिओ आला तेव्हा रेडिओला झालर. गावात कुणाचंही लग्न निघालं की रुखवतात वहिनींच्या हातचे रुमाल असायचेच. तीन साखळ्या, एक खांब, तीन साखळ्या, एक मुका खांब, असे टाके मोजत, पुटपुटत त्या विणायच्या. आता मीच या घरातला मुका खांब झाले आहे. हा विनोद मला सुचून कितीतरी दिवस झाले, पण कुणाला सांगणार?

आम्ही भांडलो नाही कधी. पण दुपारची झाकपाक झाली, पडवीत दोघी समोरासमोर बसलो, की त्यांचा क्रोशा आणि माझ्या सुया यांचं जुंपायचं. त्या म्हणायच्या, एकीने भागतं तिथे दोन दोन सुया कशाला? मी म्हणायची, तुमच्या विणकामात भोकंच जास्त, पोराच्या अंगात घातलं तर वारा कुठून अडणार? त्या म्हणायच्या, आमच्या वाऱ्याला अडवायचं कशाला, तो काय चोर आहे? चीनशी लढाई झाली त्या थंडीत अलिबागच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले. त्या वेळी माझा भाव एकदम वधारला. टांगे करून बायका सुलट-उलट शिकायला यायच्या. वहिनी तेव्हाही सुईला शिवल्या नाहीत. त्यांनी पांढऱ्या सुताचा क्रोशाचा मफलर केला, चांगला लांबरुंद, कडेला वेलबुट्टी घातलेला, आणि ठणकावून सांगितलं, "बर्फात पांढरा माणूस शत्रूला दिसायचा नाही." सगळ्या हसल्या. मीही पोट धरून हसले. तेव्हाचं हसू माझं होतं.

पण खरा फरक सुतालोकरीचा नाही, तो मला फार पूर्वीच कळला होता. क्रोशाला एकच टाका जिवंत ठेवायचा असतो. मागचे सगळे विणले की पक्के, त्यांच्याकडे वळून बघायचं कारण नाही. म्हणून वहिनी केव्हाही उठू शकत. गाय सुटली, पोर रडलं, दारात पाहुणा आला, की त्या शेवटच्या टाक्यातून दोरा ओढून गाठ मारत आणि चालू लागत. सुयांवर सगळेच्या सगळे टाके जिवंत असतात, आणि सगळे उघडे. ओळ मध्ये सोडून उठायचं म्हणजे जिवाला घोर. सासूबाई हाक मारायच्या आणि मी म्हणायची, एवढी ओळ संपवून आले. "हिची ओळ म्हणजे मारुतीचं शेपूट," वहिनी म्हणायच्या. स्वभावाचंही तसंच झालं होतं आमच्या. त्यांचं बोलणं झालं की झालं, रागाला गाठ मारून त्या मोकळ्या. मी मात्र सगळ्यांचं सगळं सुईवर घेऊन बसायची, कोण कधी काय बोललं ते, एक सुटलं तर बाकीचंही घरंगळेल अशा भीतीने. त्याने मला काय मिळालं? हा आजार मिळाला, असं भाऊ एकदा म्हणालेही. मी ऐकते हे ते विसरतात.

"हे बघ," वहिनी म्हणाल्या, "इतपत झालंय ना, इथवर थांबवते. वरचा गळा मी क्रोशाने करीन, करड्या रंगाचा दोरा आहे माझ्याकडे. कुणाला कळणारसुद्धा नाही." त्यांचा चेहरा इतका प्रेमळ दिसत होता की मला आणखीच भीती वाटली. त्यांनी अंबाड्यातला क्रोशा उपसला. लोकर थोडी लांब सोडून कात्रीने कापली. मी डावा हात उचलला. हात हवेत हलला, पण हलून काय सांगणार? नको याची खूण आणि ये याची खूण माझ्या हाताने आता सारखीच होते. त्यांनी माझा हात धरून हळूच चादरीवर ठेवला. "हो हो, दाखवते तुला, झाल्यावर दाखवते." मग शेवटच्या टाक्यात क्रोशा घालून त्यांनी लोकर त्यातून ओढून काढली आणि चांगली करकचून गाठ मारली. आयुष्यभर हजार वेळा मारली तशी. त्यांच्या लेखी काम तिथे संपलं होतं, पक्कं झालं होतं. वहिनी, नाही हो, ती एका टाक्याची गाठ झाली, बाकीचे सगळे उघडे आहेत, त्यांना सुईचाच आधार आहे! हे सगळं माझ्या घशाशी आलं. मी सगळा जोर लावला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मी हसले. इतक्या मोठ्याने हसले की राही सुपाऱ्या टाकून उंबऱ्याशी आली. वहिनींनाही हसू फुटलं. हसत हसत त्यांनी एक सुई ओढून काढली, मग दुसरी काढली.

लोकर भली असते. ती लगेच सुटत नाही. टाके तसेच उभे राहिले, रांगेने, तोंडं उघडी टाकून. क्षणभर मला वाटलं, आता ठेवा तसाच, हलवू नका, कदाचित देव डोळे उघडेल. वहिनींनी क्रोशा अंबाड्यात खोचला, विणलेला भाग मांडीवर घेतला आणि रुमाल चौकोनी बसावा म्हणून जसा ताणतात तसा दोन्ही हातांनी आडवा ताणला. पहिला टाका कुठे सुटला ते मी पाहिलं. मग शेजारचा. मग शिडीसारख्या रेघा खाली खाली पळायला लागल्या, एक इथून, एक तिथून. वहिनी म्हणाल्या, "अगो बाई, हे काय?" आणि सुटणारे टाके चिमटीत धरायला लागल्या. जिथे धरावं तिथून आणखी दोन पळत. "गाठ मारली होती मी," त्या राहीला म्हणाल्या, "तू बघितलंस ना, गाठ मारली होती." राही म्हणाली, "मना काय म्हाइत न्हाय बाय त्यातला."

आणि खरी गोष्ट अशी, की अजूनही काही गेलं नव्हतं. सुटलेला टाका उचलायला क्रोशासारखं हत्यार नाही. सुयांवर विणणाऱ्या प्रत्येक बाईच्या डब्यात एक क्रोशा त्याच कामासाठी असतो. माझाही होता, गंजून मोडला. शिडीच्या तळाशी पडलेला टाका आकडीत घ्यायचा, वरची एकेक आडवी काडी त्यातून ओढून काढायची, की टाका जिना चढावा तसा वर येतो. अशी एकेक रेघ भरत जायची. वहिनींच्या हाताला तर ते खेळासारखं जमलं असतं, त्यांची आकडी माझ्यापेक्षा हलकी चालते. ज्याने घात झाला त्यानेच सगळं सावरता येणार होतं, आणि ते त्यांच्या डोक्यातच खोचलेलं होतं. मी डावा हात पुन्हा उचलला. या वेळी मी घाई केली नाही. हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला, मानेपर्यंत गेला. त्यांना वाटलं मी त्यांना जवळ घेते आहे; त्यांनी डोकं माझ्यापुढे वाकवलं. धाकट्या जावेपुढे दुर्गावहिनींनी डोकं वाकवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. बोटांना क्रोशा लागला. मी तो ओढला. अंबाडा सुटला, पिकले केस पाठीवर पसरले, आणि क्रोशा माझ्या मुठीत आला. मी तो त्यांच्यापुढे धरला. घ्या वहिनी, हा घ्या, यानेच होईल. आणि तोंडाने दगा दिला. खिक् खिक्.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "हस गो, हस माझ्यावर," त्या म्हणाल्या, "हसशील नाहीतर काय करशील? दोन सुयांचं काम, मला माझ्या एका सुईच्या घमेंडीत कळलं नाही. यानेच घात केला ना तुझा?" त्यांनी माझ्या मुठीतून क्रोशा काढून घेतला, उठल्या, आणि खिडकीतून वाडीत भिरकावून दिला. रहाटाच्या पाटात पडला की केळीच्या बुंध्यात, कोण जाणे. राही म्हणाली, "जाऊ द्या वयनी, मी बगतो नंतर," आणि पुन्हा सुपाऱ्यांकडे गेली. मला त्या क्षणी वहिनींचा इतका राग आला की वाटलं हिला धरून गदागदा हलवावं, आणि त्याच वेळी त्यांची तितकीच दया आली. एका अर्ध्या अंगात दोन्ही मावत नव्हतं.

थोड्या वेळाने त्या तोंड धुऊन आल्या. केस घट्ट बांधले होते. त्यांचं मन ठरलेलं दिसत होतं. त्यांचं मन ठरायला कधी वेळ लागत नाही. "आता याचं काही व्हायचं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "उसवून लड करून ठेवते. मार्तंड घेऊन जाईल. तिकडे विणणाऱ्या बायका पुष्कळ असतील, कुणीतरी पुरा करून देईल." हात बदलला की वीण बदलते, वहिनी. पाठ माझी आणि पोट दुसरीचं, तो स्वेटर अंगात कसा बसेल? पण मी जोर केला नाही. मी जोर केला की मी हसते, आणि त्यांना आणखी एकदा हसून दाखवायचं माझ्यात बळ नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीशी लोड लावला. उजव्या कोपराखाली उशी दिली, मेलेला तळहात उभा करून लोडाला टेकवला, डावा त्याच्यासमोर धरायला लावला. मग स्वतःची गाठ सोडली, आणि ओढलं.

लोकर सरसर निघायला लागली, नागमोडी, विणल्याची आठवण धरून राहिलेली. वहिनी ती माझ्या दोन्ही हातांभोवती गुंडाळत गेल्या. ओळी उलट्या चालल्या होत्या. ही गणपतीतली, पाहुण्यांच्या गर्दीत चोरून विणलेली. ही भाऊंना ताप होता तेव्हाची, थोडी सैल. ही मार्तंडच्या वाढदिवसाची, त्या दिवशी मी सकाळपासून एकटीच खुशीत होते. प्रत्येक ओळ हातावर येताना मला ओळखू येत होती आणि हातावर आली की नुसती लोकर होत होती. मला डावा हात खाली घेता आला असता. एवढं माझ्या हातात होतं. लड विस्कटली असती, सगळा गुंता झाला असता, आणि कदाचित त्यांना कळलं असतं की मला हे नको आहे. पण लोकरीचा गुंता होईल असं मी काही करू शकत नाही. तो हात इतकी वर्षं तसाच वागत आला आहे. धागा येईल तसा तो कलत होता, ताण पडला की झुकत होता, अगदी शहाण्यासारखा. ओसरीवरून भाऊ आत डोकावले. "अरे वा," ते म्हणाले, "आज दोन्ही हात कामाला!" त्यांचा चेहरा उजळला होता. ते पाटावर बसून थोडा वेळ बघत राहिले, मग चहाचं बघायला आत गेले.

शेवटी पहिली ओळ उरली. ती ओढून उसवत नाही. टाके घालताना मी नेहमी आवळून घालते, कड सैल पडू नये म्हणून. वहिनींनी खिडकीकडे तोंड करून एकेक टाका नखाने सोडवला, फार काळजीने, कुठे तुटू न देता. सुटलेलं टोक त्यांनी लडीत खोचलं. "झालं गो," त्या म्हणाल्या. "बघ, वीतभरसुद्धा वाया नाही गेली." एवढं बोलून त्या माझ्या पुढ्यात बसूनच रडायला लागल्या, पदर तोंडाला न लावता, लहान पोरीसारख्या उघड. मला त्यांचे डोळे पुसायचे होते. त्या क्षणी मला दुसरं काहीही नको होतं, हात नको, वाचा नको, स्वेटर नको. पण माझे दोन्ही हात लोकरीत अडकलेले होते, आणि ती काढून घ्यायचं त्यांना सुचलं नाही.